तिसरा मजला, डावा

आमची वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांखाली एक पान्हा निघाला. आईने विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "पान्हा." झालं. वहिनीशी याहून लांब बोलणं सहसा होत नाही.

ती गॅसच्या पाइपलाइनची फिटर आहे. माझा भाऊ स्वभावाने इतका मवाळ, की संसारातल्या सैल गोष्टी आवळायचं कामही तिच्याकडेच आलं. मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण, छपराची गळती, सगळं तिने अंगावरचा कामाचा डगला न उतरवता निभावलं. तिला एक खोड आहे आणि त्या खोडीने मला आजवर फार छळलं आहे. कुणी काहीही सांगितलं की ती विचारते, "तू पाहिलंस, की तुला कुणी सांगितलं?" मी माहेरी जाते ती चार गोष्टी तिखटमीठ लावून सांगायला. या एका प्रश्नाने माझ्या अर्ध्या बातम्या जागच्या जागी मरतात. भावाने तर बातम्या आणणंच सोडून दिलंय.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत गॅसचे नवे मीटर बसले. सगळे तळमजल्यावर, फाटकाजवळच्या खोलीत, एका भिंतीवर ओळीने. आता प्रत्येक घराला एक छोटी डबी मिळणार होती. ती स्वयंपाकघरात लावायची, म्हणजे खालच्या मीटरचा आकडा तारेशिवाय वर दिसतो. कंपनीने हे काम वहिनीला दिलं, आणि "सुरुवात घरच्यांपासून" म्हणत ती सकाळी माझ्या दारात उभी राहिली.

माझं घर तिसऱ्या मजल्यावर डावीकडे. उजवीकडे कडी राहते. हे तिचं नाव नव्हे, मी ठेवलेलं. मी दार उघडलं की ती आतून कडी घालते, एवढाच आमचा संबंध उरला होता. पॅसेजमधल्या चपलांच्या स्टँडवरून आमचं बिनसलं आणि तेव्हापासून आमच्यात विस्तव जात नाही. त्याआधी आम्ही एकमेकींच्या घरात न विचारता शिरायचो, हे आज सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

वहिनी डबी हातात धरून स्वयंपाकघरभर हिंडली. फ्रिजजवळ गेली की सिग्नलच्या रेघा गळायच्या, खिडकीशी आली की परत उभ्या राहायच्या.

"इतकं हिंडून तर मी नवरासुद्धा शोधला नाही," मी म्हणाले.

"दिसतंय ते," वर न बघता ती म्हणाली.

खिडकीलगत तिने खिळा ठोकला, त्यावर डबी अडकवली. खालच्या खोलीत ज्या मीटरवर 'तिसरा डावा' अशी पट्टी चिकटवलेली होती त्याचा नंबर तिने उतरवून आणला होता, तो डबीत भरला आणि बटण दाबून धरलं. हिरवा दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. आकडे उमटले.

"जमली जोडी. आता सगळं बंद कर, वन्सं. शेगडी, गिझर, सगळं. आधी आकडा मेल्यासारखा पडलेला दिसला पाहिजे, मगच त्याला कामाला लावायचं."

वन्सं म्हणाली की समजायचं, स्वारी खुशीत आहे. मी नॉब पिळून बघितले. गिझर बंद केला. आम्ही दोघी डबीकडे बघत उभ्या राहिलो.

आकडा सरकला. शेवटचाच, एका अंकाने, पण सरकला. थोड्या वेळाने परत.

"तुझी डबी खोटारडी आहे," मी म्हणाले. वहिनी हसली नाही. तिने स्वतः सगळे नॉब तपासले. आकडा परत सरकला. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "खिडक्या उघड. दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. ही डबी घे आणि जिन्यात जाऊन उभी राहा."

"गळतोय?"

"जा आधी."

रात्रभर आम्ही त्या घरात झोपलो होतो, सकाळी त्याच ओट्याशी मी काडी ओढली होती. मी डबी छातीशी धरून जिन्यात उभी राहिले आणि वहिनी खाली पळाली. जरा वेळाने जिन्यातून तिची हाक आली, "मीटरवरचा कॉक बंद केला! थांबला का?"

मी टक लावून बघत राहिले. एकदा डबी लुकलुकली, आकडा तोच. दुसऱ्यांदा, तोच. "थांबला!" मी ओरडले, आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. खालचा कॉक बंद करताच वाहणं थांबलं, म्हणजे गळती माझ्याच घरात होती. आता भिंती फोडणार, ओटा उखडणार, आणि त्याहून वाईट काय होऊ शकलं असतं ते मनात आणायचं धाडसच होईना.

वहिनी धापा टाकत वर आली. तिने प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा आला नाही. वास हुंगणारं यंत्र तिने ओट्याखाली, गिझरमागे, पाइपाच्या कडेकडेने फिरवलं. ते मुकं. तिच्या कपाळावर घाम आला होता. वहिनीला घाम फुटलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि गळतीपेक्षा मला त्याचीच धडकी भरली.

"पाइपात उरलेला सोडून देते," ती म्हणाली आणि खिडकीतून वारा येतोय ना ते बघून तिने शेगडीचा एक नॉब उघडला. फुस्स आवाज आला. खालून बंद आहे म्हटल्यावर पाइपात उरेल तो किती, चिमूटभर. आवाज विरायला हवा होता.

तो विरला नाही. तसाच, एका दमात येत राहिला.

वहिनीने खटकन नॉब बंद केला. "बंद केलेला गॅस येतोय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा बंदच झालेला नाही. मी दुसऱ्या कुणाचा तरी बंद केलाय." ती मीटरशी उभी असल्यासारखी तोंड फिरवून हातांनी डावं-उजवं मोजायला लागली. "पट्ट्या लावणारा इमारतीकडे तोंड करून उभा असेल. तुम्ही जिना चढून येता तेव्हा तोंड रस्त्याकडे. त्याचं डावं ते तुमचं उजवं." आणि मग, स्वतःशीच, "मी पाहिलं नाही. मला पट्टीने सांगितलं."

आम्हा दोघींची नजर एकदमच समोरच्या दाराकडे गेली. इतका वेळ जो आकडा सरकत होता तो कडीच्या घरचा होता. तिच्या शेगडीवर काहीतरी मंद आचेवर असणार, आणि ते विझलं होतं.

"एवढंच ना?" मी म्हणाले. "माझ्या घरात गळती नाही! हुश्श!" खरं सांगते, मला आनंदच झाला. कडीचं जेवण अर्धं कच्चं राहिलं तर माझं काय जाणार होतं?

"एवढंच नाही. विझलेला बर्नर उघडाच असतो. आता कुणी कॉक फिरवला तर..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या हातातली डबी लुकलुकली. आकडा सरकला होता. मंद आचेच्या एका अंकाने नाही, पाच-सहा अंक एकदम.

त्या क्षणी खाली काय घडलं होतं ते नंतर कळलं. शेगडी विझली म्हणून कडीने सेक्रेटरींना फोन केला होता. सेक्रेटरी मीटरच्या खोलीत गेले, सगळे कॉक उभे आणि एकच आडवा. म्हणाले, हाच असणार, आणि फिरवला. वहिनीने त्याला लाल फीत बांधून ठेवली होती, ती त्यांना सजावट वाटली असावी. पण तेव्हा आम्हाला फक्त आकडा दिसत होता. "तिन्ही बर्नर पूर्ण उघडे आहेत," वहिनी म्हणाली. कुठल्या बर्नरला गॅस येतोय हे बघायला बाईने सगळे नॉब फिरवून ठेवले होते. सर्दीने नाक बंद, वास तिला येणार नव्हता. हेही नंतरच कळलं.

मी धावले आणि सवयीने माझं बोट बेलकडे गेलं. वहिनीने हातावर सण्णकन चापट मारली. "बेल नाही! ठिणगी पडते. दार ठोक. लायटर नको, दिवा नको, नॉब बंद कर, इतकंच सांग. मी खाली कॉक बंद करते. आणि ऐक, तिला बाहेर काढल्याशिवाय थांबू नकोस." आणि ती जिन्यावरून दिसेनाशी झाली.

मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. आतून चोंदलेला आवाज आला, "कोण?"

"मी! समोरची! लायटर लावू नका! गॅस सुटलाय!"

"गॅस गेलाय, सुटला नाही. कुणी घालवला तेही कळतंय मला. सकाळपासून तुमच्याकडे ठोकाठोक चाललीय."

"अहो, परत आलाय! तिन्ही नॉब उघडे आहेत तुमचे!"

"माझ्या घरातले नॉब तुम्हाला दिसतात?"

आता हिला काय सांगायचं, की हो, तुझ्या घरातला आकडा माझ्या हातात आहे? मला तिचा असा संताप आला, की दार तोडून तिला झिंज्या धरून बाहेर ओढावं. आणि तेवढ्यात आत तिचा फोन वाजला. सेक्रेटरी. ते काय सांगणार होते ते मला शब्दाशब्दाने ठाऊक होतं: झालं चालू, पेटवा. तिची पावलं दारापासून आत जाऊ लागली.

"फोन घेऊ नकोस!" मी किंचाळले. अहो-जाहो कुठे गळून पडलं कळलंच नाही. "अगं, मरशील गं! लायटर ठेव! स्टँड हवा तर माझ्या उरावर ठेव, पण आत जाऊ नकोस, बाहेर ये! ये ना गं बाहेर!" आणखी काय काय बोलले आठवत नाही. हातातली डबी पडली होती. मी दारावर कपाळ टेकून नुसती थापा मारत होते.

पावलं थांबली. फोन वाजत राहिला. मग कडी निघाली.

ती दारात उभी होती, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात लायटर. मी आधी लायटर ओढून घेतला आणि मग तिला. दारातून तो वास भपकन अंगावर आला. आम्ही जिन्याच्या पायरीवर एकमेकींना धरून बसलो. खालून वहिनीची हाक आली, "बंद केला! आली का बाहेर?" ती पुन्हा ओरडली, आणि त्या ओरडण्यात मला पहिल्यांदा वहिनीची भीती ऐकू आली. "आले," कडीनेच उत्तर दिलं.

वहिनी वर आली, तोंडावर ओला पदर बांधावा तशी डगल्याची बाही धरून आत गेली, नॉब पिळले, खिडक्या उघडल्या. पुष्कळ वेळ आम्ही तिघी जिन्यात होतो. सेक्रेटरी आले आणि पट्ट्या लावणाऱ्याच्या नावाने खडे फोडू लागले. वहिनीने त्यांना थांबवलं. ती कडीसमोर उभी राहिली. "पट्टी त्याने चुकीची लावली. पण कॉक मी फिरवला. फिरवण्याआधी तुमच्या दारावर एक थाप मारायला हवी होती. मारली नाही. चूक माझी आहे, आणि ऑफिसात मी तशीच सांगणार आहे." मला तिच्याबद्दल इतकी माया त्या दिवसाआधी कधी वाटली नव्हती.

यंत्र घरभर फिरवून आत काही उरलं नाही याची खात्री झाल्यावर ती म्हणाली, "आता पट्ट्या विसरा. दोन्ही दारं उघडी ठेवा. मी खाली मीटरशी उभी राहते. मी फोनवर सांगेन ती एकच बाई एकच बर्नर पेटवेल, दुसरी काही करणार नाही. काय झालं ते मोठ्याने सांगायचं." आमच्यात बोलणं आहे की नाही, हे तिने विचारलं नाही. तिला त्याच्याशी काही घेणं नव्हतं.

फोन स्पीकरवर टाकून मी पॅसेजच्या मधोमध उभी राहिले. खालून वहिनी म्हणाली, "आधी समोरच्या. कॉक उघडलाय. पेटवा."

कडी लायटर घेऊन शेगडीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तिला धीर होईना. मग मी आत गेले, कितीतरी वर्षांनी त्या स्वयंपाकघरात, आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

"तुझा आवाज ऐकून मी दार उघडणार नव्हते," ती शेगडीकडे बघत म्हणाली. "वाटलं, भांडायला आलीस. पण तू रडत होतीस."

मी रडत होते, हे मला तेव्हा, तिच्याकडून कळलं.

"कुणी बोलाल का?" फोनमधून वहिनी ओरडली. "पेटला की नाही?"

कडीने नॉब फिरवला, लायटर दाबला. बारीक निळी ज्योत गोल धरून उभी राहिली.

"पेटला," आम्ही दोघी एकदम म्हणालो.