साठीनंतर एक खोली

इंग्लंडमधल्या गरिबांची जितकी काळजी माझ्या मावशीच्या यजमानांनी केली, तितकी तिथल्या कुठल्या राजाराणीनंही केली नसेल. अडचण एवढीच, की ते गरीब शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच वारले होते आणि काका राहत होते अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये. रिटायर झाल्यावर लायब्ररीतून त्यांनी वर्कहाउसवरची, म्हणजे निराधारांकडून काम करवून घेऊन त्यांना पेज घालणाऱ्या आश्रयगृहांवरची पुस्तकं आणायला सुरुवात केली, ती कायमची. नवा मराठी विद्यार्थी घरी आला की विचारत, "गाव कुठलं तुझं?" तो "नागपूर" म्हणाला, की पुढचा प्रश्न, "म्हणजे उपाशी पडलास तर तुला नागपूरला पोचवायचं ना?" जुन्या इंग्लंडात गरिबाला ज्याच्या त्याच्या गावानं पोसायचं असे, परक्या गावी सापडला तर गाडीत घालून परत धाडत, हे त्या बिचाऱ्याला चहाबरोबर कळे. एकदा तर त्यांनी बारा जणांना जेवायला बोलावून ओटची पातळ पेज वाढली. "यार, काका सीरियस आहेत?" कुणीतरी पुटपुटलं. तेवढ्यात मावशी आतून म्हणाली, "संपवा रे ती, मागून पुरी-श्रीखंड आहे. ह्यांना हौस आणि मला लाज!"

एका गोष्टीचा मात्र त्यांना खरोखर संताप होता. वर्कहाउसच्या दारातच नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे करत. हे सांगताना काकांचा आवाज चिरके.

मग मावशीचं कंबरेचं हाड मोडलं, काकांचंही हृदय थकलेलं, आणि दोघांना एकाच नर्सिंग होममध्ये जावं लागलं. तिला बायकांकडची खोली मिळाली, त्यांना पुरुषांकडची. काकांनी पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स व्यवस्थापक बाईंपुढे धरली. "वर्कहाउसमध्येसुद्धा साठी उलटलेल्या जोडप्याला एक खोली मागता येत होती!" "मिस्टर, हे ओहायो आहे," बाई म्हणाल्या. काका तीच झेरॉक्स घेऊन रोज जात राहिले. तीन आठवड्यांनी बाईंनी हात टेकले आणि टोकाची दोन पलंगांची खोली दिली. "आता चोवीस तास भाषण!" मावशी म्हणाली, पण पलंग जवळ ओढून घ्यायला तिनंच सांगितलं.

अकराव्या दिवशी दुपारच्या झोपेत काका गेले. आठवड्यानं बाईंनी हळूच विचारलं, दुसरा पलंग कुणाला देऊ का? मावशी खिडकीकडे बघत माझ्याशी मराठीत बोलली, "तिथंही बायका-पुरुष वेगळे करत असतील, तर हे अजून दाराशीच वाद घालत उभे असतील. मी येईपर्यंत आत जायचे नाहीत."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मला इंग्रजीत एवढंच सांगता आलं, की पलंग थोडे दिवस राहू द्या.