घरातली दोन मतं

अजून माझा राग गेलेला नाही. जावा असं वाटतही नाही.

एडिसनपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. इथले म्हातारे खासदार निवृत्त झाले आणि वॉशिंग्टनची जागा मोकळी झाली. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरी निवडणुकीला आठ जण उभे राहिले, त्यात दोघं आपले. एक डॉक्टरीणबाई; अजून मतदानाचं वय न झालेली माझी लेक चार महिने त्यांच्यासाठी दारोदार फिरली. दुसरे आमच्या मंडळाचे जुने काका. माझ्या बाळंतपणात त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, महिनाभर डबा पाठवला होता. तिसरा एक गृहस्थ होता. आम्ही ज्या व्हिसावर इथे आलो त्यावर लगाम घालायला हवा, असं त्याच्या पत्रकात चक्क छापलं होतं.

आता आम्ही काय करावं? एकाच दिवशी दोन लग्नं आली की करतो तेच केलं. नवरा एका मांडवात, मी दुसऱ्यात. "एक व्होट डॉक्टरीणबाईंना, एक काकांना. कोणाला वाईट वाटायला नको," नवरा म्हणाला. मी मान डोलावली. डॉक्टरीणबाईच योग्य आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी डब्याला जागून काकांच्या नावापुढचा गोल काळा केला. वर घरी येऊन किती शहाणपणाने वागलो म्हणून चहा प्यायलो. मंडळातल्या घराघरांत हेच चाललं होतं, ते नंतर कळलं.

तिसरा निवडून आला. आपल्या दोघांची मतं मिळून त्याच्या दीडपट होती, पण ती मिळवतो कोण? ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त, तो जिंकला. त्याला नको म्हणणारे आम्ही इतके जण, आम्ही गेलो खड्ड्यात! ह्याला निवडणूक म्हणायचं?

आणि मंडळाच्या पिकनिकचा मेन्यू कसा ठरतो? लेकीनेच गेल्या वर्षी फॉर्म केला होता. पसंतीने एक, दोन, तीन आकडे घालायचे. सगळ्यात कमी मतांचा पदार्थ बाद, आणि त्याची मतं ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीला. एकाला निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत हेच चालू. पावभाजीवाले आणि छोलेवाले भांडत बसले आणि सगळ्यांना चालणारी मिसळ जिंकली. मिसळीला जो न्याय मिळतो, तो माणसांना देताना या राज्याचे हात कोणी धरलेत? मतपत्रिकेवर आकडे घालता आले असते तर काका एक, डॉक्टरीणबाई दोन. डब्याचं ऋणही फिटलं असतं आणि मतही वाया गेलं नसतं. असं मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तावातावाने बोलत होते.

लेक सीरिअलचा बाऊल घेऊन समोर बसली होती. तिने चमचा खाली ठेवला.

"वेट. आई, तू काकांना व्होट केलंस?"

मी डबा, काकू, बाळंतपण सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आय नॉक्ड ऑन एव्हरी डोअर ऑन धिस स्ट्रीट," ती म्हणाली. "फक्त आपलं सोडून. मला वाटलं, आपली दोन्ही व्होट्स आहेतच."