डबा आधी बांधला
आमची जुनी मोटरसायकल भंगारात गेली आणि पिंप्राळ्याच्या घरात नवराबायकोची जुंपली. ह्यांना पुन्हा मोटरसायकलच हवी होती, मला स्कूटर. सुनेच्या स्कूटरवर मी मैदानात चकरा मारून शिकलेली, लायसनसुद्धा काढलेलं. पण मुलगा-सून पुण्याला गेले आणि स्कूटरही गेली. आता घरात गाडी येणार एकच. मोटरसायकल आली, तर मी उरलेला जन्म मागे एका बाजूला पाय सोडून पिशव्या सांभाळणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे?

स्कूटरमध्ये वाईट काय ते तरी सांगा, म्हटलं. हे रागावले की सरळ शिंदखेड्याच्या बोलीत उतरतात.

"हाई बायासनी गाडी शे. बठ्ठा लोक हासतीन."

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती घरात कोणी बोलत नव्हतं. ह्यांचा उजवा गुडघा संपावर गेलेला. जुन्या गाडीवर चढायचं तर ती आधी ओट्याला लावायची, मग हे पायरीवर उभे राहून टांग टाकायचे. विचारलं तर म्हणायचे, तिथे सावली असते.

शोरूमला निघालो तेव्हा ह्यांनी बिबड्यांचा डबा सोबत घेतला. दर उन्हाळ्यात धुळ्याला नणंदेकडे माझ्या हातच्या ज्वारीच्या बिबड्या जातात, पत्र्याच्या उंच डब्यात. जातात एसटीने, पण ह्यांच्या डोक्यात मात्र ते स्वतःच मोटरसायकलवर घेऊन जातात. स्कूटरच्या एवढ्याशा चाकांवर बिबड्यांचा भुगा होईल, हे त्यांना चारचौघांत सिद्ध करायचं होतं. लोक गाडी घ्यायला जाताना पेढे नेतात, आम्ही पापड नेले.

तिथली मुलगी गोड होती बिचारी. तिने मोटरसायकलचं ॲव्हरेज सांगायला सुरुवात केली, तर ह्यांनी खिशातून सुतळी काढली आणि मागच्या सीटवर डबा करकचून बांधला. दोन पावलं मागे सरून असे बघत राहिले, जशी काही अंबारीच चढवली.

मग बसायला गेले.

आता सांगा, डबा हातभर उंच आणि टांग टाकायची त्याच्यावरून. शोरूममध्ये ओटा कुठला? पाय निम्मा वर गेला, सीटला टेकला आणि तिथेच राहिला. हे एका पायावर, दोन्ही हातांनी डब्याला मिठी मारून. मुलगी घाबरून म्हणाली, काका, धरू का? तर म्हणे, मी सीटची उंची बघतोय.

मी बराच वेळ उंची बघू दिली. मग पाय हळूच उचलून खाली ठेवला, सुतळी सोडली आणि डबा शेजारच्या स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागेत उभा केला. पदर खोचला, गाडी सुरू केली.

"बसा मागे."

सगळे बघत होते. सीट बुटकी, हे सरळ पाय टाकून बसले, गुडघा न कुरकुरता. आम्ही खड्ड्यांतून मोठी चक्कर मारून आलो. डबा उघडला तर बिबड्या शाबूत. हे म्हणाले, त्या वाळल्यात चांगल्या म्हणून.

तरी पैसे त्याच गाडीचे भरले.

पुढच्या आठवड्यात गाडी ताब्यात आली. लिंबू चिरडून, हार घालून मी घराकडे निघाले. मागून सूचना चालूच होत्या, ब्रेक दाब, हॉर्न दे, बैल बघ. आमच्या गल्लीचा कोपरा दिसला तसा आवाज एकदम बारीक झाला.

"इथं थांब जरा. गल्लीत मी घेतो."

"मागे बसूनच हात हलवा," म्हटलं, "लोक ओळखतात तुम्हाला." आणि नाही थांबले.

किराणावाले शेठजी दुकानाच्या दारातच उभे होते. हार घातलेली गाडी बघून त्यांनी हाक दिली, "काय आबा, अक्कांना शिकवताय का?"

"हो ना," हे मागून म्हणाले, "हळूहळू जमतंय तिला."

मी ऐकलं. बोलायला तोंडही उघडलं होतं. मग ह्यांचा हात खांद्यावर जरा घट्ट झाला, आणि मी गाडी पुढे काढली. गाडी मिळाली होती मला. गुरू व्हायचं असेल तर होऊ दे मेल्याला.