डोळेबाईंनी पाठ फिरवली

माझ्या नणंदेला मैदानावरच्या पोरी डोळेबाई म्हणतात. तोंडावर नाही हं, मागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांचं कामच तसं. लांब पल्ल्याची शर्यत संपली, की पुढे आलेल्या पोरींना लघवीच्या तपासणीला नेतात, बंदी असलेलं औषध घेऊन कुणी पळालं का ते कळायला. आणि ती लघवी त्या पोरीचीच आहे, कपड्यात लपवून आणलेली दुसऱ्या कुणाची नाही, हे बघायला समोर एक बाई उभी करतात. ती बाई म्हणजे आमच्या ताई. पोरीचा टीशर्ट छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यांपर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत, आणि समोर ताई, पापणीसुद्धा न लववता.

माझं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे. ब्लाउजची मापं द्यायला आलेल्या बायका विचारतात, तुमच्या नणंदबाई काय करतात हो? मी सांगते, खेळखात्यात आहेत. आता काय सांगू, बघतात म्हणून?

आधी त्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हा 'चार दिवस राहते' म्हणून भावाकडे आल्या. त्या चार दिवसांत माझ्या मुलीचा जन्म झाला, ती चालायला लागली, पळायला लागली, तरी ताईंचे चार दिवस काही संपेनात. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणतात, "तूच मोज बाई, मला बघायची सवय आहे, मोजायची नाही."

आणि ही बघायची सवय घरी आणू नये ना माणसाने? मैदानावरच्या मुलींना शिकवलेलं असतं, की आपली पाण्याची बाटली क्षणभर जरी नजरेआड झाली, तरी तिच्यातलं पाणी प्यायचं नाही. कुणी काय मिसळलं असेल, सांगता येत नाही. ताईंनी तो नियम आमच्या स्वयंपाकघराला लावला. आमचे हे चहाचा कप ठेवून पेपर आणायला दारापर्यंत जातात, परत येतात तो चहा मोरीत. "अगं पण मी इथेच तर होतो!" हे ओरडतात. "नजरेआड झाला होता," ताई शांतपणे कप विसळत म्हणतात. गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा माणूस आमच्या दारात घाम पुसतो तो वजनाने नाही, ताईंनी सील बघायला चष्मा चढवला म्हणून.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून खटकायची. मोठ्या धावपटूंना डॉक्टरी सूट मिळते. म्हणजे औषध बंदीचं, पण आजारासाठी लागतंच असं सिद्ध केलं, की घ्यायची परवानगी. तपासणीत ते औषध सापडलं, की पोरी परवानगी दाखवतात आणि पदक घेऊन घरी जातात. कुणाला दमा, कुणाला आणखी काय. दम्याची तर साथच आली होती म्हणे. ताई संध्याकाळी पाय दाबत बसायच्या आणि ठरलेलं वाक्य टाकायच्या, "आमच्याकडे धडधाकट पोरी हरतात ग, आणि आजारी पोरी पहिल्या येतात." सगळं मैदान हसायचं त्या वाक्याला. मीही चारचौघांत वापरायचे.

आणि मग आमच्याच घरात दमा निघाला.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणापासून एका जागी ठरली नाही कधी. ती शर्यतींत पळायला लागल्यावर ताईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर वरच्या साहेबांना जाऊन सांगितलं, माझी भाची ज्या शर्यतीत असेल तिथे मला ड्यूटी नको. इतक्या सरळ. भिंगरी पळायचीही सुरेख. पण मोठ्या शर्यतीत शेवटच्या फेऱ्यांना तिची छाती वाजायला लागायची, अगदी जुन्या दरवाजासारखी. नेहमीचा पंप चालायचा, त्याला बंदी नव्हती, पण पुढे पुढे तो पुरेना. एका शर्यतीत तिला उचलूनच बाहेर आणली. ओठ निळे. मी तिथे काय काय बोलले ते आठवत नाही, पण तिला पळायला शिकवणारे सर दोन आठवडे माझ्यासमोर आले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, जास्त ताकदीचं औषध द्यायला हवं, पण ते बंदीच्या यादीत आहे. सूट मागा. देशाच्या संघाची निवड तोंडावर आलेली. सूट मिळाली तर भिंगरी पळणार, नाही मिळाली तर पळणं सोडायचं, हे मी तिला तोंडावर सांगून टाकलं. निळे ओठ मला पुन्हा बघायचे नव्हते. ती रडली, जेवली नाही, पण मी बधले नाही.

सूट मिळवायची म्हणजे आजार सिद्ध करायचा. मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर पळवतात, मग नळीत फुंकायला लावतात. श्वास कमी पडला पाहिजे. कमी पडला तर तुम्ही पास! त्यासाठी आदल्या दिवसापासून पंप बंद. मला शाळेच्या गणवेशांची ऑर्डर पुरी करायची होती, म्हणून ताई म्हणाल्या, दवाखान्यातलं मला कळतं, मी नेते.

निकाल आला. फुफ्फुसं उत्तम. सूट नाकारली.

"चांगलंच आहे की!" आमचे हे म्हणाले. पुरुषांना कधी कधी किती कमी कळतं! भिंगरीने बूट माळ्यावर टाकले. डॉक्टर कागद उलटसुलट करून बघत राहिले. ज्या पोरीला त्यांनी जिना चढून आल्यावर धापा टाकताना पाहिलं होतं, तिने नळीत असं फुंकलं होतं, की मशीनच उडून जावं. सर म्हणाले, पुन्हा चाचणी मागायची तर काहीतरी कारण द्यावं लागेल.

त्या आठवड्यात मी ताईंवर नजर ठेवली. हो, मी त्यांच्यावर! कारण एका दुपारी त्या पाण्याचा पेला ओट्यावर ठेवून मागच्या दारी गेल्या, कपडे काढले, घड्या घातल्या, आत आल्या आणि तोच पेला उचलून पाणी प्यायल्या. मी मशीन थांबवलं, आत गेले आणि म्हटलं, "ताई, काय झालंय?"

"कुठे काय?"

"पेला नजरेआड झाला होता."

त्या मटकन खाली बसल्या. मी त्यांना तिथे पहिल्यांदा रडताना पाहिलं, नवरा गेला तेव्हाही माझ्यादेखत रडल्या नव्हत्या.

झालं होतं असं. चाचणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्याच भिंगरीची छाती भरून आली. पंप बंद, मग दुसरं काय होणार? नंबर लांब होता. पोर धड बोलू शकेना, नुसती ताईंचा हात दाबायची. ताई तिला बाईमाणसांच्या संडासात घेऊन गेल्या. पिशवीतून पंप काढून तिच्या हातात दिला. म्हणाल्या, "घे." आणि उगाच बघायला लागू नये म्हणून त्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जन्मभर जिथे उभं राहून बघायचं काम केलं, तशाच जागी त्यांनी पाठ फिरवली. पोरीला हायसं वाटलं, आत जाऊन ती ठणठणीत पळाली आणि नापास झाली.

"लक्षात नव्हतं तुमच्या?" मी विचारलं.

"सगळं होतं लक्षात. पण तिचा आवाज ऐकवेना ग."

मला राग यायला हवा होता. तसा आलाही. मी म्हटलं, "अहो, सगळ्या मैदानावर एकच बाई नियमाची, आणि तिनेच औषध दिलं, तेही नको त्या दिवशी! बाकीच्या निरोगी पोरी आजारी ठरतात, आणि आपली आजारी पोर तुम्ही निरोगी करून ठेवलीत!" त्या ऐकत होत्या. मग मीच त्यांच्याशेजारी बसले. मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. डोक्यावर चढवून ठेवायचं नसतं नणंदेला.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणी बघितलं का?"

"नाही."

"मग कशाला सांगताय, बाई? तुम्ही खात्याच्या माणूस. भाचीच्या चाचणीत हात घातलात असं होईल. नोकरीवर पाणी सोडावं लागेल."

"साहेब," ताई म्हणाल्या, "कुणी बघत नाही तेव्हा माणसं काय करतात, ते बघायलाच तर मला पगार देता ना?"

नोकरी गेली. निरोप म्हणून साहेबांनी चहा पाजला. मध्येच ताई कागदावर सही करायला बाहेरच्या टेबलाशी गेल्या, आणि परत आल्यावर त्यांनी तो चहा तसाच ठेवला. जित्याची खोड, दुसरं काय.

ताईंनी दिलेल्या कबुलीवर पुन्हा चाचणी झाली. या वेळी मी बरोबर होते आणि ताईंना घरी बसवलं होतं. भिंगरी पट्ट्यावर पळाली, नळीत फुंकलं, आणि आकडे असे घसरले, की मशीनवरची मुलगी घाबरून डॉक्टरांना बोलवायला पळाली. मी घरी फोन केला, "ताई, फारच वाईट आलंय!" पलीकडून "देवा, पावलास रे!" असा आवाज आला. आमच्या घरात त्या दिवशी सणासारखा आनंद. पोरीचा दमा मान्य झाला! आमच्या ह्यांनी शेजारी सांगितलं, तर शेजारीण दाराआड जाऊन हळहळली, की धक्क्याने बिचाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

सूट मिळाली. भिंगरी निवडीच्या शर्यतीत तिसरी आली. संघात तिघींनाच जागा होती. मी कडेच्या कठड्याला धरून ओरडत होते, घसा बसला. आणि बाजूची बाई तिच्या बहिणीला सांगत होती, "ही ना, हिची आत्याच खात्यात होती. म्हणून दमा मिळाला." दमा मिळाला! जसं काही रेशनचं दुकान! मी तिला असं काही सुनावलं, की तिने जागा बदलली. पण तिच्या मागे बसलेले चौघं तेच बोलत होते. किती जणांना पुरणार मी?

तपासणीला भिंगरीला नेलं. ताई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. ताईंना आयुष्यात पहिल्यांदा दाराच्या या बाजूला बसायला लागलं. लांब पळून आलेल्या पोरीला लघवी लवकर होत नाही, अंगातलं सगळं पाणी गेलेलं असतं. आत बाटल्यांवर बाटल्या चालल्या होत्या. मध्येच ताईंच्या जागी आलेली नवी बाई थर्मासमधलं पाणी प्यायला बाहेर आली. तरुण, हसरी. आम्हाला ओळखत नव्हती.

"अजून वेळ आहे," ती सहज म्हणाली. "ही पण सूटवाली. इथे म्हणतात ना, धडधाकट पोरी हरतात, आणि आजारी पोरी पहिल्या येतात."

मी उठणारच होते. ताईंनी माझ्या पदराला धरून मला खाली बसवलं.

"कुणी म्हटलंय हे?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत. जुनं आहे. कुणीतरी हुशार बाई होती म्हणे इथे."

ती आत गेली. ताईंचा चेहरा असा झाला होता, की माझं तोंड कुठे लपवू ते मला कळेना, मीसुद्धा ते वाक्य किती हौसेने सांगत फिरले होते.

शेवटी भिंगरी बाहेर आली. गळ्यात पदक, आणि छाती वाजत होती. पॅसेजमध्ये सगळे होते. हरलेल्या पोरी, त्यांचे सर, पेपरवाले, ती नवी बाई. भिंगरीने खिशातला पंप चाचपला, आजूबाजूला पाहिलं आणि कोपऱ्यातल्या संडासाकडे निघाली.

"कुठे चाललीस?" ताईंचा आवाज सगळ्या पॅसेजभर गेला.

"आत्या, सगळे बघतायत."

"मग बघू देत ना." ताईंनी तिच्या हातातला पंप घेतला, झाकण काढलं, हलवला आणि परत तिच्या हातात दिला. "इथेच घे. सगळ्यांसमोर घे."

भिंगरीने पंप तोंडाला लावला. आणि आमच्या डोळेबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, पापणीसुद्धा न लववता, तिचा श्वास मोकळा होईपर्यंत.