तळघरातली निवेदिका

बोलण्याआधी ती उजवा तळहात वर करायची. आपण समोर कितीही घाईत उभे असलो तरी तो हात वर गेला की थांबायचं. मग ती आजूबाजूचा आवाज ऐकायची. जिन्यातली पावलं, रस्त्यावरची बस, कुणाच्या तरी घरातलं ड्रिल. ते सगळं ऐकून झालं की "एक क्षण... हं, आता," असं म्हणून हात खाली घ्यायची आणि तिचं वाक्य सुरू व्हायचं. ते वाक्य बहुतेक वेळा "उद्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी बाहेर ठेवायची आहे" एवढंच असायचं.

तुमच्याही जिन्यात असं एखादं माणूस असेल. त्याच्या लकबीची घरात नक्कल होते, पोरं हसतात, आणि त्या लकबीमागचं कारण कळायला मात्र बरेच दिवस जावे लागतात.

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनला राहतो. नवरा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे आणि मी घरून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. ती आमच्या इमारतीत तळमजल्यावर, आमच्या घराखालीच, एकटी राहायची. वय पंचावन्नच्या आसपास, केस अगदी बारीक कापलेले. युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनहून आलेली. गावाबाहेरच्या एका गोदामात खोकी भरायचं काम करायची. तिचं जर्मन आमच्यापेक्षा बरं होतं, तेव्हा मी एकदा विचारलं, "तुम्हाला दुकानात, ऑफिसात काम मिळेल की. गोदामात कशाला?"

तिने हात वर केला, ऐकलं, आणि म्हणाली, "तिथे बोलावं लागत नाही."

आमची खरी ओळख झाली ती कुकरमुळे. त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई, म्हणजे अहो आई, पुण्याहून आल्या होत्या. एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि पाठोपाठ आमची बेल वाजायला लागली, थांबेचना. दार उघडलं तर ही बाहेर. अंगावर घरातला गाऊन, पायात काही नाही, चेहरा पांढराफटक. "काय होतं ते? काय होतं ते?" एवढंच विचारत होती.

अहो आईंना जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि सरळ ओट्यापाशी नेलं. "हा कुकर. यात डाळ. डाळ! घाबरायचं काय त्यात?" तेवढ्यात दुसरी शिट्टी झाली. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

"अगं, हिला काय झालं?" आईंनी मला विचारलं.

"त्यांच्याकडे भोंगे वाजायचे, आई. विमानं आली की."

आईंनी गॅस बंद केला आणि तिला पाणी दिलं. जरा वेळाने ती म्हणाली, "सांगून वाजलं तर चालेल. आधी सांगत जा." तेव्हापासून कुकर चढवला की आई पळीने हीटरच्या पाइपवर दोनदा ठोकायच्या. खालून एकदा ठोकल्याचा आवाज यायचा. तो आला की आई समाधानाने म्हणायच्या, "कळलं हो तिला. कर आता आच मोठी."

दोघी तशा अडकलेल्याच होत्या. आईंचे गुडघे दुखायचे, बाहेर फुटपाथवर बर्फाचा गुळगुळीत थर, त्यामुळे त्यांचं जग स्वयंपाकघराच्या खिडकीपुरतं होतं. "सोन्याचा असला तरी कोंडवाडाच हा," असं त्या फोनवर माझ्या नणंदेला सांगायच्या, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि हिचं गाव आता दुसऱ्या सैन्याच्या ताब्यात होतं. परत जाता येत नव्हतं आणि इथे काही सुरू करावंसं वाटत नव्हतं. गोदामातून यायची, पडदे ओढायची. घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही. सुपरमार्केटमध्ये गाणी लावलेली असली तर ती बाहेर थांबायची आणि यादी माझ्या हातात द्यायची.

या दोघी दुपारच्या चहाला एकत्र बसायला लागल्या. एक मराठीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये, आणि दोघींनाही उत्तराची अपेक्षा नसायची. मी शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये असायचे. मधूनच आईंची हाक यायची, "अगं, ही काय म्हणतेय बघ जरा, महत्त्वाचं दिसतंय." मी जाऊन बघायचे तर ती म्हणत असायची की थालीपीठात मीठ जास्त आहे.

एका रविवारी खूप बर्फ पडलं होतं. तिचं गोदाम बंद, आमचंही सगळं बंद. आई फोनवर पुण्याच्या रेडिओवरचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ऐकत बसल्या होत्या. ती आत आली ती दारातच थबकली. मला वाटलं, आता परत जाईल. पण गाणं संपून निवेदिका बोलायला लागली तशी ती पुढे आली, फोनजवळ वाकली आणि लक्ष देऊन ऐकायला लागली.

"ही बाई वाक्याच्या मधे श्वास घेते," ती म्हणाली. "आधी घ्यायला हवा."

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

तिने हात वर केला. बाहेर बर्फामुळे कसलाच आवाज नव्हता. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मी हेच करायचे. सगळं आयुष्य."

त्या दुपारी तिने सांगितलं ते मी आईंना मराठीत सांगत गेले, तसंच इथे सांगते.

ती तिच्या शहरातल्या रेडिओ केंद्रावर संगीताचे कार्यक्रम करायची. स्टुडिओ इमारतीच्या तळघरात होता. शहराच्या मधून नदी वाहते. केंद्र एका काठावर आणि तिची म्हातारी आई दुसऱ्या काठावर, एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर. आई रोज सकाळी रेडिओ लावायची तो लेकीचा आवाज बंद होईपर्यंत. रात्री फोन करून चुका सांगायची.

ज्या दिवशी शहरावर तोफा सुरू झाल्या त्या सकाळी स्टुडिओत दोघंच पोचू शकली, ती आणि मिकोला नावाचा वयस्क तंत्रज्ञ. वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, सूचना वाचत राहा आणि मधे गंभीर वाद्यसंगीत लावा. तिने तसं केलं. थोड्याच वेळात एका बाईचा फोन आला. कुठल्यातरी तळघरातून बोलत होती. "पोरी, आम्ही मेलो का? मग ही प्रेतयात्रेची गाणी कशाला? आज माझ्या नवऱ्याचा वाढदिवस आहे. वाढदिवसाचा कार्यक्रम कुठे गेला?"

तिने मिकोलाकडे बघितलं. मिकोलाने खांदे उडवले. आणि तिने रोजचा कार्यक्रम सुरू केला. सकाळची लोकगीतं, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा, मुलांची गोष्ट, नाचाच्या जुन्या चाली. फोन येतच राहिले. लोक आपापल्या तळघरांतून आपापली गाणी सांगत होते.

"पण सगळी लावता येत नव्हती," ती म्हणाली. "ज्यात ढोल आहे ते गाणं नको, अंधारात मुलांना तो तोफेचा आवाज वाटतो. ज्यात नदी आहे ते नको. पूल नको. आगगाडी नको. घर तर नकोच. तुम्ही काढून बघा, मग किती गाणी उरतात."

मी हे आईंना सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात काढून बघितलं असावं. "काहीच उरत नाही गं," त्या म्हणाल्या.

प्रत्येक गाण्यानंतर ती एक वाक्य बोलायची, "आम्ही इथेच आहोत, तुम्हीही आहात तिथेच थांबा." मग दुपारी नगरपालिकेतून कुणाचा तरी फोन आला की पुलावर मारा होतोय, कुणी पुलाकडे जाऊ नये. तिने ती सूचना वाचली. लगेच पुन्हा वाचली. आईला फोन लागत नव्हता. रेडिओवरून 'आई' अशी हाक मारता येत नाही. मग तिने आईला आवडणारा, नाचाच्या चालीचा एक वॉल्ट्‌झ लावला, म्हणजे तिला कळेल.

त्यानंतर फोन येणं थांबलं. तिला वाटलं लाइन तुटली असेल, लोक थकले असतील. ती बोलत राहिली. अंधार पडेपर्यंत ती गाणी लावत होती, सूचना वाचत होती, गोष्ट सांगत होती. मधे एकदा उठली आणि म्हणाली, "मी आईला बघून येते." मिकोला म्हणाला, "तू गेलीस तर एवढी माणसं ऐकतायत त्यांचं काय?" ती परत बसली.

दुसऱ्या दिवशी त्यांना एका बसमधून शहराबाहेर काढलं. त्या बसमध्ये मिकोलाने तिला सांगितलं, टेकडीवरचा प्रसारणाचा मनोरा भर दुपारीच पडला होता. प्रसारण बाहेर जातंय हे दाखवणारा मिकोलासमोरचा दिवा विझला होता. तिला कळू नये म्हणून त्याने तिच्या हेडफोनमध्ये तिचाच आवाज फिरवून दिला होता. त्यानंतर अंधार पडेपर्यंत ती बोलली ते त्या तळघराच्या बाहेर गेलंच नव्हतं.

"त्याला माहीत होतं, मी बंद केलं असतं तर पुलाकडे पळाले असते," ती म्हणाली.

"मग वाचवलंच की त्याने," मी म्हणाले.

तिने यावेळी हात वर केला नाही. खाली बघूनच बोलली. काही आठवड्यांनी तिचं तिच्या आईच्या शेजारणीशी बोलणं झालं होतं. रेडिओ अचानक बंद पडला तशी म्हातारी उठली. "तिकडे काहीतरी झालंय," म्हणाली. कोट घातला, शेजारीण अडवत होती तिला बाजूला केलं, आणि सगळे जिने उतरून मुलीला शोधायला निघाली. पुलाच्या तोंडाशीच तोफगोळा पडला.

मी हे आईंना सांगायला वेळ लावला. सांगितल्यावर त्या उठल्या, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"पुलाची सूचना बाहेर गेली होती का, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "आधी मनोरा पडला की आधी मी वाचलं? माझी आई पुलाचं न ऐकताच निघाली का? हे एकच मला कळायला हवं आहे. आणि ते फक्त मिकोलाला माहीत आहे."

"मग विचारा ना त्याला."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

मिकोलाही आता जर्मनीतच, बॉनला होता, एका भाच्याकडे. तो दर रविवारी दुपारी फोन करायचा आणि ती उचलायची नाही. गोदामात, घरात, बसमध्ये, फोन वाजून वाजून बंद व्हायचा. त्या दिवशीही तो वाजला. टेबलावर, बिस्किटांच्या बशीशेजारी. तिने त्याच्याकडे बघितलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बंद झाला. पुन्हा वाजायला लागला.

अहो आई ओट्याकडून वळल्या. हात पदराला पुसला, फोन उचलला, कुठे दाबायचं ते मला खुणेने विचारलं आणि कानाला लावून खणखणीत मराठीत म्हणाल्या, "हॅलो! कोण बोलतंय? हो, आहे. इथेच आहे ती. देते हं, ठेवू नका."

आणि फोन तिच्यासमोर धरला.

ती आईंकडे बघत राहिली. आईंनी हात मागे घेतला नाही. शेवटी तिने फोन घेतला. आणि एक प्रश्न विचारला, तिच्या भाषेत. पलीकडून एक म्हातारा, बसका आवाज थोडा वेळ बोलला. तिने आणखी काहीतरी विचारलं. तो पुन्हा बोलला, या वेळी अगदी थोडं. तिने फोन खाली ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतेय. ती हसत होती आणि रडतही होती.

"गेली होती सूचना," ती आम्हाला म्हणाली. "दोनदा गेली. वॉल्ट्‌झसुद्धा अर्धा गेला. त्याच्या मधेच दिवा गेला." तिने डोळे पुसले. "म्हणजे तिने ऐकलं होतं. पुलाकडे जाऊ नका, हे माझ्या तोंडून ऐकलं, आणि तरी निघाली. आयुष्यभर रोज मला ऐकलं तिने, आणि माझं एकदाही ऐकलं नाही."

मी मराठीत सांगितलं तशी अहो आई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "कशी ऐकेल?" त्या म्हणाल्या. "मी तरी ऐकलं असतं का?"

ते मला जर्मनमध्ये सांगावं लागलं नाही.

यानंतर सगळं मार्गी लागलं असं मी म्हणणार नाही. ती गोदामात जातच राहिली, पडदे ओढलेलेच असायचे. पण रविवारी दुपारी ती फोन उचलायला लागली. कधी भांडायची. खालून तिचा चढलेला आवाज ऐकू यायचा, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. आई खूश होऊन म्हणायच्या, "झाडतेय वाटतं त्याला. झाडू दे."

आई व्हिसा संपल्यावर पुण्याला परत गेल्या. बर्फ वितळलं तेव्हा मिकोलाच्या कमरेचं ऑपरेशन ठरलं आणि भाच्याची दुसऱ्या गावी बदली झाली. तिने गोदामाची नोकरी सोडली आणि त्याच्याकडे बॉनला राहायला जायचं ठरवलं. मी विचारलं, "माफ केलंत का त्याला?"

"नाही," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तिथे होतो ते आम्ही दोघंच. आणखी कुणाबरोबर राहू?"

मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. एस-बानने, म्हणजे लोकलने स्टुटगार्ट, तिथून पुढे बॉनची गाडी. तिच्याकडे एकच बॅग होती आणि आईंनी पुण्याहून पाठवलेला मेतकुटाचा डबा. डबा रिकामा होता. गाडीत कुणीच नव्हतं, सगळ्या जागा मोकळ्या. ती चढली आणि गाडी जायच्या दिशेला पाठ करून बसली. मी काचेतून खूण केली, समोरच्या सीटवर बसा, उलटं बसलं की गरगरतं. तिने मानेनेच नको म्हटलं. गाडी हळूहळू सुटली, आणि वळण येईपर्यंत तिचा चेहरा माझ्याकडे, मागे राहिलेल्या सगळ्याकडे होता.