क्रोशाची गोफण

मंडळी, आज जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममध्ये गोफण फिरली!

सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना इकडे आणलं, पण त्यांनी बोलणंच टाकलं होतं. परवा एवढंच म्हणाल्या, "लहानपणी मी गोफणीने ज्वारी राखायचे."

मी हट्टाने क्रोशाची सुई घेतली. पहिली गोफण लोकरीची केली, ती दगड ठेवताच रबरासारखी लोंबली. ती उसवून जाड सुती दोऱ्याची घट्ट विणली.

दुपारी माइन नदीकाठी निवांत जागा गाठली. "आई, जमेल ना?" मी विचारलं.

"तू हो बाजूला!" म्हणत त्यांनी गोफण गरगरा फिरवली. दगड थेट नदीत!

"नोखमाल, आजी!" लेक ओरडली. नोखमाल म्हणजे पुन्हा एकदा. आजींना जर्मन येत नाही, तरी त्यांनी लगेच दुसरा दगड उचलला.

उद्यापासून मी शिकणार म्हणजे शिकणारच. तुमच्या आईला, आजीला येते का गोफण? आजच विचारून बघा.