काठोकाठ साठ लीटर

"एकदा क्ष सापडला, की उरते ती नुसती हमाली," असं समजा-मास्तर एकदा म्हणाले होते. म्हणाले ते बस डेपोच्या प्रशिक्षण वर्गात, ग्रीसने काळी झालेली बोटं बाकाखाली लपवून बसलेल्या अकरा हेल्परांसमोर. हमाली कुणाच्या वाट्याची, हे सांगायची गरज नव्हती.

त्या अकरांत त्यांचा मेहुणाही होता, बायकोचा धाकटा भाऊ. मास्तर प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू करत, म्हणून डेपोने त्यांना हे नाव दिलं होतं. समजा, क्ष लीटर. समजा, उद्या रविवार. वर्गाच्या खिडकीतून वीस वर्षं बसगाड्या दिसत होत्या, पण मास्तरांनी एकीचंही झाकण कधी उघडून पाहिलं नव्हतं. घरी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून ते मिश्रणाची गणितं करायला बसत, आणि मेहुण्याची ताई आतून म्हणे, "क्ष मिळाला असेल तर गॅस बंद करा. दूध उतू चाललंय."

"समजा, अजून दोन मिनिटं आहेत," मास्तर वहीतून मान वर न काढता सांगत. दूध मात्र काही समजून घेत नसे.

मेकॅनिकच्या परीक्षेला तीनच संधी मिळत. मेहुण्याच्या दोन गेल्या होत्या. दोन्ही वेळा उत्तर बरोबर होतं, पण ते त्याने बादल्या मोजून मनातच काढलेलं. मास्तरांनी लाल शाईत विचारलं, 'रीत कुठे?' आणि नापास केलं. वर ते चारचौघांत मिरवत, "घरी मेहुणा, वर्गात नंबर सात. आपल्याकडे वशिला नाही." तिसऱ्यांदा नापास म्हणजे निवृत्तीपर्यंत दुसऱ्यांच्या हातात पाने देत उभं राहायचं.

मेहुणा सहा महिने ताईसमोर बसून रीत शिकला. ताई नवऱ्याच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं स्वच्छ अक्षरात उतरवून देत होती. तिला सगळं येत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

या वेळी मास्तरांनी जुन्या पुस्तकातल्या टाकीच्या गणिताला बसचा रंग दिला. 'एका बसच्या रेडिएटरमध्ये साठ लीटर द्रावण काठोकाठ भरले आहे. त्यात पंचवीस टक्के कूलंट आहे. ते पन्नास टक्के करण्यास निव्वळ कूलंट किती लीटर लागेल?' 'काठोकाठ' हा शब्द त्यांनी शोभेला घातला होता. उत्तर पुस्तकातलंच ठेवलं: तीस, म्हणजे नव्वदात पंचेचाळीस.

मेहुण्याने लिहिलं: 'समजा, क्ष लीटर काढले आणि तेवढेच निव्वळ कूलंट घातले. उरलेल्या साठ वजा क्षमध्ये पाव भाग कूलंट. त्यात क्ष मिळवले की तीस व्हायला हवेत. क्ष बरोबर वीस.'

मास्तरांनी शेवटची ओळ पाहिली, शून्य दिलं आणि पान उलटलं. दहा गुणांचं गणित होतं. मेहुणा सहा गुणांनी नापास झाला.

त्याने फेरतपासणीचा अर्ज केला. डेपोच्या मॅनेजरबाईंनी दोघांना दुपारी शेडमध्येच बोलावलं. तिथे एक बस गार होऊन उभी होती.

"चाळीस उरले तर त्यात दहा कूलंट, वर वीस, झाले तीस. साठातले तीस म्हणजे निम्मे," मेहुणा म्हणाला. "मी पडताळा पण लिहिलाय, सर."

"तू काढ-घाल कशाला करतोस? काढायला कुणी सांगितलं?" मास्तर बाईंकडे वळले. "समजा, मी याला गुण दिले. उद्या लोक म्हणतील, मेहुणा म्हणून दिले."

"लोकांचं राहू दे," बाई म्हणाल्या. "तुमच्या रीतीने घालून दाखवा."

मास्तरांनी हात पाठीमागे बांधले. हमाली त्यांची नव्हती. "घाल रे तीस लीटर."

मेहुण्याने रेडिएटरचं झाकण काढलं. आत द्रावण काठाशी चमकत होतं. "कुठे घालू, भाऊजी?"

डेपोत तो त्यांना पहिल्यांदाच भाऊजी म्हणाला.

"रेडिएटरमध्ये. अजून कुठे?"

"तो भरलाय."

"समजा, भरलेला नाही."

मेहुण्याने मग डब्यातलं कूलंट ओतलं. अर्धा डबाही रिता झाला नसेल, हिरवं पाणी बंपरवरून खाली आलं आणि सावकाश वाहत मास्तरांच्या पॉलिश केलेल्या बुटांपाशी पोचलं. मास्तर हलले नाहीत. मागे सरकणं म्हणजे चूक कबूल करणं होतं.

बाईंनी प्रश्न मोठ्याने वाचला. "काठोकाठ. तुमचाच शब्द ना हा?"

मास्तरांनी पेपर हातात घेतला. पहिल्यांदाच मधल्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. खिशातून लाल पेन काढलं. आता ते शून्य खोडणार, असं मेहुण्याला वाटलं. मास्तरांनी प्रश्नातला 'काठोकाठ' खोडला.

बाईंनी पेपर काढून घेतला, शून्यावर काट मारली, दहा लिहिले आणि सही केली. "पास," त्या म्हणाल्या, "आणि रेडिएटर अजून भरलेलाच आहे, मास्तर."

मेहुण्याला आनंद व्हायला हवा होता. तो खाली वाकून बोळा शोधत होता, सवयीने.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं आणि शेडबाहेर निघून गेले, मागे हिरवी पावलं उमटवत.